डेस्कटॉपला ब्लूटूथ नेकबँड जोडलाय, पण मीटिंग लावली की आवाजाची वाट लागते. काय करू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. घरी जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, सहाव्या जनरेशनचा आय-५, एच११० चिपसेटचा बोर्ड, विंडोज १०. एसएसडी टाकल्यापासून मस्त पळतोय त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला कृपया देऊ नका.

तर झालंय असं की मुलगी दहावीला, रात्री हॉलमध्ये अभ्यासाला बसते आणि कॉम्प्युटरही हॉलमध्येच, म्हणून स्पीकर बंद. वायरचा हेडफोन होता पण कॅबिनेट टेबलाखाली आणि वायर सारखी खुर्चीच्या चाकात, शेवटी एक कान गेला. फोनसोबत वापरायचा नेकबँड पडून होता, म्हटलं तोच जोडू. बोर्डात ब्लूटूथ नाहीये म्हणून ऑनलाइन तीनशे रुपयांचं नखाएवढं डोंगल मागवलं, पाकिटावर ५.० लिहिलंय. मागच्या निळ्या यूएसबीत लावलं, विंडोजने आपलं आपण ओळखलं, पेअर पण झालं. इथपर्यंत सगळं ठीक.

आता त्रास सांगतो. एक म्हणजे गाणी छान वाजतात पण गूगल मीट उघडलं की सगळा आवाज एसटी स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखा होतो, आणि मागे गाणं चालू असेल तर ते गायबच होतं, प्लेअर पुढे सरकताना दिसतो पण कानात काही नाही. दुसरं म्हणजे यूट्यूब व्यवस्थित वाजतं पण बाहेरच्या हार्डडिस्कवरची गाणी लावली की आवाज तुटतो. त्या डिस्कमध्ये जुन्या मैफली, नाट्यसंगीत वगैरे वर्षानुवर्षं जमवलेलं आहे. फाइली खराब झाल्या की काय म्हणून घाबरलो, पण त्याच फाइली फोनवर घेऊन ऐकल्या तर एकदम स्वच्छ. आणि तिसरं, व्हीएलसीमध्ये सिनेमा लावला की ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

डोंगल फालतू निघालं का? की नेकबँड? परत करायची मुदत अजून आहे म्हणून घाईने विचारतोय.

सातारी_कंदी

नवीन घ्या 😄

बरं बरं, चिडू नका. वायरचाच नवा घ्या दोनशे रुपयांत, विषय संपला. माझा पाच वर्षं झाली चालतोय, चार्जिंग नाही पेअरिंग नाही.

गोदाकाठ

@सातारी_कंदी, खुर्चीची चाकं तुम्ही पाठवून द्या मग वायरचा घेतो.

खटपट्या

@गोदाकाठ, तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, सगळं डोंगलच्या माथी मारू नका. मी मीटिंगचं सांगतो, डिस्कचं इथे माझ्याहून जास्त कळणारे लोक आहेत ते सांगतील.

ब्लूटूथवरून आवाज पाठवायचे दोन प्रकार आहेत. एक ए-टू-डीपी, तो गाण्यांसाठी, स्टिरिओ, पण एकाच दिशेने म्हणजे कॉम्प्युटरकडून कानाकडे. त्यात माइक नाहीच. दुसरा हँड्सफ्री, तो मुळात गाडी चालवताना फोनवर बोलता यावं म्हणून केलेला, त्यात आवाज दोन्हीकडून जातो पण मोनो आणि अगदी आखडता. ए-टू-डीपीमधला सगळ्यात साधा एसबीसी कोडेकसुद्धा (कोडेक म्हणजे आवाज दाबून पॅक करायची पद्धत) ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, हँड्सफ्रीला मिळतात ६४, आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतली ते, ८ किलोहर्ट्झ, दोन्ही बाजूच्या चिपा बऱ्या असल्या तर १६. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतच्याच फ्रिक्वेन्सी उरतात, म्हणजे ४ किंवा फार तर ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं गेलं. बोलणं कळतं, पण तबल्याच्या चाटीची धार, तानपुऱ्याची जवारी, सगळं त्यात जातं.

आणि मेख अशी की हे दोन्ही एका वेळी चालत नाहीत. मीटने नेकबँडचा माइक मागितला की विंडोज हँड्सफ्रीवर जातं आणि स्टिरिओची वाट बंद होते. म्हणून तुमचं गाणं गायब. खाली घड्याळाशेजारी स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून बघा, तुमच्या नेकबँडच्या नावाने दोन नोंदी दिसतील, एक हेडफोन्स, त्यापुढे स्टिरिओ, आणि दुसरी हेडसेट, त्यापुढे हँड्सफ्री असं काहीतरी. विंडोज १० मध्ये दोन वेगळ्या दिसतात, ११ मध्ये एकच दिसते आणि अदलाबदल आतल्या आत होते, त्यामुळे ११ वाल्यांना नेमकं काय झालं ते कळतच नाही.

उपाय म्हणजे नेकबँडचा माइक सोडून द्यायचा. कंट्रोल पॅनलमध्ये डिव्हायसेस अँड प्रिंटर्स उघडा, नेकबँडवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे सर्व्हिसेस नावाचा टॅब आहे त्यात हँड्सफ्री टेलिफोनीवरची टिक काढा आणि अप्लाय. आता विंडोजच्या लेखी तो नुसता हेडफोन. बोलायला वेगळा माइक लावा, वेबकॅम असेल तर त्यातला चालतो.

कीबोर्डवाली

खटपट्यांचं कारण बरोबर आहे पण टिक काढायच्या मी विरोधात आहे. एकतर नेकबँड काढून पुन्हा पेअर केला की टिक परत येते आणि मग माणूस डोकं खाजवत बसतो. दुसरं, कधी कधी तो माइक लागतोच, मी लांबलचक मीटिंगमध्ये उठून पोळ्या लाटते तेव्हा वेबकॅमचा माइक काय कामाचा. त्यापेक्षा मीटमध्येच तीन टिंबांवर क्लिक करून सेटिंग्ज, ऑडिओ, आणि तिथे माइक वेबकॅमचा निवडा, स्पीकर स्टिरिओवाला निवडा. दोन्ही बदलायचे हं, बरेच जण नुसता माइक बदलतात, स्पीकर हँड्सफ्रीवरच राहतो आणि मग "काही फरक पडला नाही" म्हणून परत येतात. झूम आणि टीम्समध्ये पण अशीच सोय आहे. एकदा निवडलं की सहसा लक्षात ठेवतं.

खटपट्या

@कीबोर्डवाली, तुमचं मान्य, पण एखादा गेम किंवा भलतंच ॲप माइक मागतं तेव्हा ते तुमच्या मीटच्या सेटिंगला विचारत नाही. ज्याला नेकबँडचा माइक कधीच नको त्याने टिक काढावी, तुमच्यासारख्या पोळ्यावाल्यांनी ठेवावी.

जुना_लाइनमन

डिस्कवाल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. निळी यूएसबी म्हणजे ३.०, आणि डिस्क पण तिथेच शेजारी लावलेली असणार, बरोबर?

ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, नेमकं सांगायचं तर २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ. यूएसबी ३.० वर डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने धावतो आणि त्याचा जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासही येतो. गोंगाट डिस्कमधून, तिच्या केबलमधून आणि कनेक्टरमधून, तिन्हीकडून येतो. हे माझ्या मनचं नाही, इंटेलने २०१२ मध्ये यावर मोजमापांसकट कागद काढला होता, वायरलेस माउस का अडखळतो वगैरे सगळं त्यात आहे. तुमचं नखाएवढं डोंगल त्या डिस्कच्या प्लगला जवळजवळ चिकटून बसलंय, म्हणजे त्याच्या कानाशीच ओरडा चाललाय. यूट्यूबच्या वेळी डिस्क निवांत असते म्हणून नीट वाजतं. फाइली ठणठणीत आहेत, काळजी करू नका. खात्री करायची तर यूट्यूब लावा आणि त्याच वेळी डिस्कवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला टाका, तेव्हा यूट्यूब पण तुटेल.

उपाय फुकटच्या जवळपास आहे. यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन केबल घ्या, मीटर दीड मीटरची, शंभर-दीडशेला मिळते, आणि डोंगल टेबलावर आणून ठेवा. ३.० ची महाग केबल घेऊ नका, ब्लूटूथच्या डोंगलला तेवढा वेग लागतच नाही. याने अजून एक काम होतं. आत्ता डोंगल कुठे आहे बघा, टेबलाखाली, पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, आणि मधे तुमचे पाय. शरीरात पाणी, आणि पाणी २.४ चा सिग्नल चांगलाच शोषतं. ही डोंगलं साधारण अडीच मिलीवॅटची असतात, मोकळ्यात दहा मीटर म्हणतात ते अशा ठिकाणी दोन मीटरवर येतं. टेबलावर आलं की समोरासमोर होईल.

केबल येईपर्यंत पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टात लावून बघा, काळं म्हणजे बहुतेक २.० असतं.

वायफायचा राउटर पण शेजारी असेल तर कॉम्प्युटर आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर टाका. ब्लूटूथ स्वतः हुशार आहे, ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि २००३ च्या १.२ व्हर्जनपासून गर्दीचे चॅनल टाळतंही, पण सोसायटीत वीस राउटर असले तर टाळून टाळून जाणार कुठे.

वाटाड्या_लॅमिंग्टन

डोंगल परत करायचं की नाही यावर. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. स्वस्त मालात पाकिटावर ५.० आणि आत ४.० ची जुनी चिप, तीही नकली, हा प्रकार सर्रास चालतो. तपासायला डिव्हाइस मॅनेजर उघडा, ब्लूटूथखाली डोंगलचं नाव असेल, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबला एलएमपी म्हणून एक आकडा दिसेल. ६ ने सुरू झाला तर ४.०, ८ तर ४.२, ९ तर ५.०, ११ तर ५.२. खोटं निघालं तर फसवलं म्हणून बिनधास्त परत करा, तो तुमचा हक्क आहे.

पण खरी गोष्ट ऐका, गाण्यांसाठी त्याने काडीचा फरक पडत नाही. ए-टू-डीपी जुन्या क्लासिक ब्लूटूथवरच चालतं आणि ते ४.० मध्ये पण तेच आणि ५ मध्ये पण तेच. "५.३ घेतलं की आवाज सुधारतो" हे दुकानदाराचं बोलणं आहे, आम्हीच बोलतो ते. चांगल्या डोंगलचा फायदा असा की अँटेना जरा बरी असते आणि ड्रायव्हर नीट येतो. टीपी-लिंकचं यूबी-५०० बरेच लोक घेऊन जातात, रिअलटेकची चिप आहे, विंडोजवर आपोआप चालतं. बाकी कुठलंही घ्या, सोबत सीडी आली तर ती सीडी चहाच्या कपाखाली ठेवायला वापरा, त्यातलं सॉफ्टवेअर टाकू नका. विंडोजचं स्वतःचं पुरतं.

आणि हो, एका कॉम्प्युटरला दोन ब्लूटूथ लावू नका. विंडोज एका वेळी एकच धरतं. लॅपटॉपवाले आतलं चालू ठेवून वरून डोंगल लावतात आणि मग माझ्याकडे भांडायला येतात.

मिरजेची_सूरताई

मध्ये घुसते त्याबद्दल सॉरी. माझा ऑनलाइन गाण्याचा क्लास असतो, गुरुजी पुण्याहून झूमवर शिकवतात. मी पण ब्लूटूथ हेडफोन घेऊन बसले तर गुरुजी म्हणाले तू सारखी मागे पडतेस. मी नाही पडत हो! कॉम्प्युटरवर तानपुरा लावून त्यावर गाते, सुरात असते. हे ब्लूटूथमुळे असेल का?

खटपट्या

@सूरताई, बऱ्याच अंशी असेल. कॉम्प्युटरने आवाज दाबून पॅक करायचा, हवेतून पाठवायचा, हेडफोनने तो उलगडायचा आणि मध्ये थोडा साठा करून ठेवायचा म्हणजे तुटू नये, या सगळ्यात एसबीसीवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. म्हणजे गुरुजींनी दिलेली जागा तुमच्या कानात पाव सेकंद उशिरा येते, त्यात इंटरनेटचा उशीर वेगळा. इंटरनेटचा कोणाच्या हातात नाही पण ब्लूटूथचा आहे. क्लासला वायरचा लावा. नुसत्या तानपुऱ्याला चालेल कारण त्यात ताल नाही, पण तबल्यासोबत रियाज किंवा कीबोर्ड वाजवून स्वतःचं ऐकणं ब्लूटूथवर होणारच नाही, बोट आधी आणि सूर नंतर.

आणि झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगला ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स असं आहे ते चालू करा. नाहीतर झूम तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून गाळून टाकतं. पण ते चालू करून वर ब्लूटूथचा माइक वापरला तर काही अर्थ नाही, तिथे ८-१६ किलोहर्ट्झची कात्री लागलेलीच असते.

@गोदाकाठ, तुमच्या ओठ आणि शब्दांचं कारण पण हेच. यूट्यूबवर ते जाणवत नाही कारण ब्राउझर तेवढं चित्र मागे धरतो. व्हीएलसीमध्ये सिनेमा चालू असताना कीबोर्डवरचं जे (J) बटण दाबा, दर दाबाला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, के (K) दाबलं की उलट. तीन-चार वेळा जे दाबलं की जुळेल.

पेंग्विनराव

कुणीच लिनक्सचं नाव काढलं नाही म्हणून मी काढतो 🙂 विंडोज १० मध्ये एसबीसी आणि एपीटीएक्स एवढेच कोडेक आहेत, एएसी ११ मध्ये आला, आणि एलडॅक तर आजही विंडोजमध्ये आपला आपण नाहीच. लिनक्सवर पाइपवायर नावाचा ऑडिओ सर्व्हर, म्हणजे आवाजाची ये-जा सांभाळणारा प्रोग्रॅम, आल्यापासून हे सगळे मिळतात, उबुंटूत २२.१० पासून तेच मूळ ऑडिओ सर्व्हर आहे. त्याच तीनशेच्या डोंगलवर मी एलडॅक चालवतो, ९९० केबीपीएसपर्यंत, कारण कोडेकचं काम डोंगल करत नाही, कॉम्प्युटर करतो. माइक मागितला की हँड्सफ्रीवर उडी मारायची की नाही हे पण तिथे आपण ठरवू शकतो. जुन्या आय-५ ला पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा, इन्स्टॉल करायची गरज नाही.

शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि सहावी जनरेशन ११ च्या यादीत नाही, तेव्हा आज ना उद्या इकडे यायचंच आहे.

वाटाड्या_लॅमिंग्टन

@पेंग्विनराव, त्यांच्या नेकबँडमध्ये एलडॅक असेल तर ना. हजार-बाराशेच्या नेकबँडमध्ये एसबीसी आणि एएसी, संपलं. आणि बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेल्या गाण्याला ९९० केबीपीएस कशाला हवेत, खरखर जास्त स्पष्ट ऐकायला?

पेंग्विनराव

खरखरीत पण गोडवा असतो शेठ.

नवी_मुंबई_नवा_पीसी

माझं थोडं उलट आहे. नवीन पीसी बांधला, बोर्डात वायफाय ब्लूटूथ दोन्ही आहे, महागाचे इअरबड आहेत, तरी मान वळवली की आवाज तुटतो. डिस्क वगैरे काही लावलेली नाही. बोर्ड बदलून मागू का?

जुना_लाइनमन

@नवा_पीसी, बोर्डाच्या खोक्यात दोन काळे दांडे किंवा वायरला लावलेला माशाच्या परासारखा काळा तुकडा आला होता का? तो कुठेय?

नवी_मुंबई_नवा_पीसी

खोक्यातच आहे. मला वाटलं तो वायफायसाठी, मी तर लॅनची केबल वापरतो म्हणून लावलाच नाही.

जुना_लाइनमन

लावा. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डवर असतात आणि अँटेना पण त्याच. मागे दोन सोनेरी आटे दिसतील, त्यावर हाताने फिरवून घट्ट करा, पकड लावू नका. ज्यांनी वेगळं पीसीआय वायफाय कार्ड टाकलंय त्यांच्यासाठी पण सांगून ठेवतो, त्या कार्डातून एक बारीक केबल बोर्डावरच्या यूएसबी हेडरला जोडायची असते. ती राहिली तर वायफाय चालतं पण ब्लूटूथ दिसतच नाही, आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो.

नवी_मुंबई_नवा_पीसी

काका, आता शेजारच्या खोलीत जाऊन आलो, नाही तुटत. धन्यवाद. बोर्ड परत पाठवणारच होतो.

तापकीर_गल्ली_फॅन

एक पर्याय कोणीच लिहिला नाही. ब्लूटूथ ट्रान्समीटर म्हणून एक छोटी डबी मिळते, तिची ३.५ ची पिन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये घालायची आणि यूएसबीतून तिला नुसती वीज द्यायची. कॉम्प्युटरला वाटतं वायरचा स्पीकरच लावलाय, त्यामुळे ड्रायव्हर नाही, हँड्सफ्रीची भानगड नाही, लिनक्स विंडोज कशालाही चालते, आणि तीच उचलून टीव्हीला लावता येते. माझ्या बाबांना बातम्या मोठ्याने लागतात तेव्हा ती टीव्हीला जाते. घेताना ट्रान्समीटर आहे ना हे नीट वाचा, गाडीत लावायचा रिसीव्हर तसाच दिसतो आणि काम बरोबर उलटं करतो. पेअरिंगला जरा वैताग, कारण स्क्रीन नाही, दोन्ही जवळजवळ धरून पेअरिंगवर टाकायचे आणि वाट बघायची. बोर्डाच्या जॅकमध्ये आधीच घरघर असेल तर ती पण सोबत येते.

आणि ज्यांना गेम खेळायचेत त्यांनी ब्लूटूथच्या नादाला लागू नये, २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा यूएसबी रिसीव्हर असलेला हेडसेट घ्यावा. तो ब्लूटूथ नसतो, कंपनीचं स्वतःचं काहीतरी असतं, उशीर जाणवत नाही आणि माइक चालू असताना पण स्टिरिओ नीट राहतो. फक्त तो रिसीव्हर हरवला की हेडसेट शोभेचा, दुसरा सहसा मिळत नाही. लाइनमन काकांची एक्स्टेन्शन केबल त्याला पण लागू.

कीबोर्डवाली

ते एलई ऑडिओ म्हणतात ते आलं की हा माइकचा घोळ मिटणार आहे ना? ऑफिसमधला एक मुलगा त्याचंच सारखं सांगत असतो.

खटपट्या

मिटेल, पण हळूहळू. एलई ऑडिओ २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं, त्यात एलसी-थ्री नावाचा नवा कोडेक आहे आणि माइक चालू असताना पण आवाज बराच चांगला राहतो. विंडोज ११ मध्ये २४एच२ या व्हर्जनपासून माइकसोबत स्टिरिओची सोय आलीय. पण हेडफोनमध्ये एलई ऑडिओ हवं, कॉम्प्युटरच्या ब्लूटूथमध्ये हवं, आणि ड्रायव्हरने पण साथ द्यायला हवी. साध्या डोंगलवर ५.३ लिहिलंय म्हणून ते मिळेलच असं नाही. नवीन लॅपटॉप घेताना विचारून घ्या, त्यासाठी म्हणून नवीन काही घेऊ नका.

गोदाकाठ

मंडळी, सगळ्यांना धन्यवाद, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. कॉपीचा प्रयोग केला, यूट्यूब पण तुटलं, म्हणजे लाइनमन काका बरोबर. घरात जुन्या डेटा कार्डासोबत आलेली एक्स्टेन्शन केबल सापडली, डोंगल आता मॉनिटरच्या स्टँडला रबर लावून बांधलंय. डिस्कवरची गाणी अजिबात तुटत नाहीत, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तरी चालू. एलएमपी ६ निघाला, म्हणजे पाकिटावर थाप. चालतंय तर ठेवावं असं वाटत होतं पण बायको म्हणाली खोटं लिहून विकलं तर परत करायचं, तेव्हा परत करतोय आणि जरा बरं घेतोय. जे बटणाची युक्ती भारी.

दोन गोष्टी राहिल्यात. हँड्सफ्रीची टिक काढली, वेबकॅम नाही म्हणून फोनसाठी मिळतो तसला कॉलर माइक आणून गुलाबी जॅकमध्ये लावला, तर कॉम्प्युटरला तो ऐकूच येत नाही. फोनला लावला तर चालतो. आणि कॉम्प्युटर झोपवून उठवला की नेकबँड आपला आपण जोडला जात नाही, कधी कधी तर फोनलाच जाऊन चिकटतो.

तापकीर_गल्ली_फॅन

पिन बघा, तीन काळ्या रेघा आहेत ना? ती फोनची पिन, हेडफोन आणि माइक एकत्र. गुलाबी जॅकला दोन रेघांची लागते. एक छोटा स्प्लिटर मिळतो, एका बाजूला फोनची पिन घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला माइक आणि हेडफोन अशा दोन वेगळ्या पिना निघतात, साठ-सत्तर रुपये. माइकची पिन गुलाबीत घाला. काही कॉलर माइकना पिनच्या मापाचा लहानसा जोड सोबतच येतो, पाकिटात बघा आधी.

खटपट्या

झोपेचं असं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजला पॉवर मॅनेजमेंट टॅब आहे, त्यात वीज वाचवायला हे बंद करू दे अशा अर्थाची टिक असते ती काढा. खाली यूएसबी रूट हब दिसतील त्यांची पण काढा. नवीन डोंगल आलं की हे पुन्हा करावं लागेल, आणि हँड्सफ्रीची टिक पण पुन्हा, कारण पेअरिंग नव्याने होणार. कीबोर्डवाली आता "मी सांगितलं होतं" म्हणतील.

फोनचं म्हणाल तर नेकबँड चालू झाला की आधी ज्याच्याशी शेवटचं बोलला त्याला शोधतो, तो नाही सापडला तर दुसऱ्याला. कॉम्प्युटर झोपलेला असताना नेकबँड चालू केलात तर फोन जिंकणारच. रात्री फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा नाहीतर आधी कॉम्प्युटर उठवा, मग नेकबँड. दोन्हीकडे एकदम जोडलेला राहणारा असेल तर व्हॉट्सॲपची टिंग आली की गाणं थांबेल, त्यालाही उपाय तोच.

कीबोर्डवाली

मी सांगितलं होतं.

सातारी_कंदी

केबल, नवीन डोंगल, कॉलर माइक, स्प्लिटर... हिशेब केला का कोणी? दोनशेचा वायरचा हेडफोन अजून मिळतोय म्हणे 😄

गोदाकाठ

@सातारी_कंदी, पत्ता व्यनि करतो, चाकं घेऊन जा.